पेन्शनर मासे

दर वर्षी शरदात प्रयोगशाळेच्या मागच्या अंगणात माशांचं श्राद्ध व्हायचं. तिथे गुडघ्याएवढा एक दगड होता, त्यावर ‘माशांच्या आत्म्यांस’ एवढंच कोरलेलं. जवळच्या देवळातले भिक्षू यायचे, उदबत्ती लावायचे, घशातल्या घशात सूत्र म्हणायचे आणि पांढऱ्या कोटांतली माणसं ओळीनं येऊन माना झुकवायची. संचालक ओगिता भाषण करायचे. भाषण दर वर्षी तेच: या चिमुकल्या जिवांनी माणसांसाठी प्राण दिले, आपण त्यांचे ऋणी आहोत. भिक्षूंची गाडी फाटकाबाहेर पडते न पडते तोच आत टाक्यांमध्ये पुढचे मासे सोडलेले असायचे.

किनुकोला या समारंभात एकच गोष्ट खटकायची. श्राद्ध मेलेल्यांचं होई. जे मेले नाहीत त्यांचं काय?

तिचं काम सांगायला सोपं होतं. एखाद्या कंपनीनं नवं रसायन बनवलं, की ते नदीनाल्यात गेल्यावर तिथल्या जिवांचं काय होईल ते आधी बघावं लागतं. त्यासाठी काचेच्या टाक्या ओळीनं मांडायच्या. पहिलीत नुसतं पाणी. पुढच्या प्रत्येकीत रसायन थोडं थोडं वाढवत न्यायचं. मग सगळ्यांत मेदाका सोडायचे. मेदाका म्हणजे भातखाचरांच्या पाटांत राहणारे, बोटाच्या पेराएवढे मासे. आणि चार दिवस डोळ्यांत तेल घालून बघायचं: कोण पोहतंय, कोण कलंडलंय, कोण तळाशी गेलंय. ज्या मात्रेला निम्मे मासे मरतात ती मात्रा अहवालात जाते, आणि त्यावरून वरचे लोक ठरवतात की शेतात हे किती टाकू द्यायचं. नुसत्या पाण्यातले मासे मेले तर सगळी चाचणी बाद. किनुकोच्या हातच्या चाचण्या कधी बाद झाल्या नाहीत.

चार दिवसांनी जे जगले त्यांचं काय करायचं, हेही नियमात होतं. लवंगतेल घातलेल्या पाण्यात सोडायचं. ते झोपतात आणि उठत नाहीत. नोकरीच्या सुरुवातीला किनुकोनं ते केलं. मग तिला घरच्या भातालाही लवंगेचा वास येऊ लागला. ज्यानं चार दिवस विषात तग धरला, त्याला पाचव्या दिवशी आपण आपल्या हातानं मारायचं, हे तिला काही केल्या पटेना. बॉयलरच्या खोलीमागे कुणीतरी टाकून दिलेला न्हाणीचा टब होता. तिनं तो घासला, त्यात पाणी भरलं, थोडं शेवाळ सोडलं, आणि वाचलेले मासे तिथे नेऊन ठेवले. सगळेच नव्हे, ज्यांच्या अंगात जोर दिसेल ते.

ही काही चोरी नव्हती. सगळ्यांना माहीत होतं. ओगितासान स्वतः सकाळी सिगारेट ओढायला तिथे यायचे.

“काय किनुकोसान, पेन्शनर मंडळी काय म्हणतायत?”

“पेन्शन वेळेवर मिळत नाही म्हणतात.”

“संघटना करू देऊ नका हं त्यांना.”

मग एका हिवाळ्यात पैदास खोलीतल्या माशांना बुरशी लागली. अंगावर कापूस पिंजल्यासारखं दिसायचं आणि दुसऱ्या दिवशी मासा गेलेला. चाचण्या तर तुंबलेल्या. टबातल्यांना मात्र काही झालं नव्हतं. मेदाकाची मादी पोटाखाली अंड्यांचा घोस घेऊन हिंडते. किनुकोनं ते घोस अलगद सोडवून घेतले आणि पिल्लं वाढवली. पुढे माल कमी पडला की तोच रस्ता. हळूहळू पैदास खोली सगळी पेन्शनरांच्या नातवंडा-पणतवंडांनी भरून गेली. केशरी, धट्टीकट्टी, खाण्याला पुढे. मधून मधून मोरचूद घालून माशांची पारख करायची पद्धत होती, म्हणजे मासे नेहमीसारखे मरतात ना हे कळतं. मोरचुदानं ते अगदी वेळेवर मरायचे. तेव्हा शंका यायला जागाच नव्हती. दुसऱ्या प्रयोगशाळेतले लोक आले की ओगितासान आधी त्यांना किनुकोचे मासे दाखवायचे, मग चहा.

किनुकोचं माहेर कुरुमिझाकीला. तिथे समुद्राशेजारी निमखाऱ्या पाण्याचं सरोवर आहे आणि त्याच्या तिन्ही बाजूंनी भातखाचरं. खाचरांचं पाणी पाटांतून सरोवरात उतरतं. तिचा थोरला भाऊ तोराओ तिथल्या मासेमारांच्या सोसायटीचा अध्यक्ष. अध्यक्ष म्हणजे काय, उरलेल्या नऊ-दहा म्हाताऱ्यांमध्ये ज्याचे गुडघे शाबूत तो. थंडी सरता सरता समुद्रातून काचमासे सरोवरात शिरायचे. सुईएवढे, आरपार दिसणारे, नुसते दोन काळे डोळे पोहत येतायत असं वाटावं. त्या जाळ्यावर तोराओचं घर चाले.

दोन वर्षांमागे भाताच्या किडीवर एक नवं औषध आलं. रोपांच्या तबकातच औषधाचे दाणे पेरायचे, मग हंगामभर फवारणी नको. चाचणी किनुकोकडे आली. तिला या जातकुळीची औषधं नवी नव्हती. वर्षानुवर्षं एकेक कंपनी थोडा फेरफार करून तेच पाठवी. निकाल चांगला आला. इतका चांगला, की ओगितासानांनी दोनदा विचारलं आणि तिनं दोनदा केलं.

नेमका तेव्हाच तोराओचा फोन आला होता.

“किनु, शेतकरी मंडळी ते नवं औषध टाकतो म्हणतायत. पाट आमच्याकडे उतरतो, म्हणून आमची संमती मागतायत. टाकू देऊ का?”

“दादा, असं घरच्याला सांगायची परवानगी नसते आम्हाला.”

“मग परक्याला सांगतेस असं समज. मी तुझा कोण लागतो?”

ती हसली होती. “टाकू दे. माझ्या हातचंच आहे.”

“तुझ्या हातचं ना? मग झालं.” आणि त्यानं बैठकीत शब्द दिला.

यंदा मार्चमध्ये वहिनीचा फोन आला. योशिनोवहिनी फोनवर आधी हवा, मग गुडघे, मग मुद्दा अशा क्रमानं यायची. या वेळी ती मुद्द्यावरच आली.

“काचमासे आलेच नाहीत गं.”

“उशिरा येतील.”

“तुझा दादा रोज जाळं लावतो, रोज धुतो. धुवायला काही लागत नाही, तरी धुतो. गेल्या उन्हाळ्यात पाटातले मेदाका उलटे तरंगत होते ना, तेव्हाच माझ्या मनात आलं होतं.”

“हे मला कुणी सांगितलं नाही.”

“तू म्हणालीस चांगलं आहे, म्हणून वाटलं उन्हानं मेले असतील.”

स्टेशनजवळच्या न्हाव्याला मेदाका पाळायचा नाद होता. दुकानाबाहेर थर्मोकोलच्या खोक्यांत त्याचे पांढरे मासे असायचे. किनुकोनं त्याच्याकडून मूठभर आणले, त्यांना प्रयोगशाळेच्या पाण्याची सवय होऊ दिली, आणि मग एका टाकीत पाणी घेऊन त्यात ते औषध टाकलं. किती? तिच्या चाचणीत ज्या मात्रेला एकही मासा मेला नव्हता, तेवढं. त्यात न्हाव्याचे पांढरे आणि तिचे केशरी एकत्र सोडले.

सकाळी सोडले. दुपारच्या जेवणाआधी पांढरे गोल गोल फिरायला लागले, जसं काही डोक्यात भोवरा शिरलाय. ती डबा खाऊन आली तेव्हा ते तळाशी होते, खडूच्या तुकड्यांसारखे. तिची चाहूल लागताच केशरी मासे काचेशी गर्दी करून वर आले आणि तोंडं उघडमीट करू लागले. त्यांची खाण्याची वेळ झाली होती.

किनुको स्टूलावर बसली. तिला कुठलंही गणित करावं लागलं नाही. जे औषधाला पुरून उरले त्यांनाच तिनं टबात नेलं. त्यांची पिल्लं वाढवली, त्यांतले जे उरले त्यांना पुन्हा नेलं. दयेपोटी तिनं इतकी वर्षं निवडून निवडून असे मासे तयार केले, ज्यांना हे विष लागत नाही. आणि मग त्यांनाच विचारलं, बाबांनो, हे विष आहे का? ते म्हणाले, छे.

तिनं ओगितासानांना बोलावून टाकी दाखवली. मग सवयीनं त्यांनी चिमूटभर खाणं टाकलं. केशरी मासे पांढऱ्यांच्या अंगावरून पोहत वर आले.

“गुणी आहेत हो,” ते म्हणाले, आणि लगेच डोळे मिटले. “माफ करा.”

“अहवाल मागे घ्यायला हवा.”

“हा एक? की गेल्या बारा-पंधरा वर्षांतले सगळे?”

किनुकोनं त्यांना भावाचा फोन आणि त्यानं बैठकीत दिलेला शब्द, दोन्ही सांगितलं.

“मी वर कळवतो,” ते म्हणाले. “लपवणार नाही. पण कळवलं की समिती बसेल. समिती शरदात बसते. तोवर औषध बाजारातच राहणार.”

“लावणी मेमध्ये आहे.”

“मला कॅलेंडर कळतं, किनुकोसान.” हे त्यांनी चिडून म्हटलं नाही. ते दगडाच्या दिशेनं बघत होते. “सुट्टी घ्या. भावाकडे जा. बैठकीत शब्द दिला होता ना त्यानं? शब्द समितीविना मागे घेता येतो.”

ती लावणीच्या आधी कुरुमिझाकीला पोचली. तोराओ बसथांब्यावर उभा होता. म्हातारा झाला होता, पण गुडघे अजून शाबूत.

“आधी घरी नको,” तो म्हणाला. “आधी तुला एक गंमत दाखवतो.”

त्यानं तिला देवळामागच्या पाटावर नेलं. पाटाच्या काठाला पेंढ्याच्या जाड दोरीवर कागदाच्या पांढऱ्या पट्ट्या लावल्या होत्या. खाली पाण्यात, दुपारच्या उन्हात, केशरी मासे होते. खूप. पाण्यात कुणी संत्र्याची सालं फेकावीत तसे.

“तुझेच,” तोराओ म्हणाला. “तू वहिनीला डब्यातून दिले होतेस ना, मागे ओबोनच्या सणाला? कुंडीत मावेनात इतके झाले. पाटातले मेल्यावर मी म्हटलं, सोडून बघू. सोडले, तर बघ. हिवाळाही काढला. आधीचे मातकट, ते दिसायचेसुद्धा नाहीत. हे कसे डोळ्यांत भरतात. शेतकरी मंडळींनी पुजारी बोलावून दोरी बांधली. त्यांच्यातला हामानाका म्हणाला, पाणी पवित्र आहे याची ही खूण.”

किनुको काठाशी वाकून मासे मोजू लागली.

“काय गं? मला वाटलं तुला आनंद होईल.”

तिनं त्याला तिथेच सांगितलं, उभ्या उभ्या. टब, बुरशी, न्हाव्याचे मासे, सगळं. शेवटी त्यानं खाली बसून पाण्यात बोट घातलं. मासे बोटाशी आले.

“म्हणजे काचमासे येणार नाहीत,” तो म्हणाला.

“यंदा औषध थांबलं तर पुढे कधीतरी येतीलही. मला नक्की सांगता येत नाही.”

“तुला नक्की सांगता येत नाही,” तो म्हणाला. त्यात टोमणा होता की नाही, हे तिला कळलं नाही, आणि ते कळण्याचा आपला हक्क गेला असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या ओसरीवर बैठक झाली. शेतकऱ्यांचा पुढारी हामानाका सत्तरीच्या पुढचा, कमरेत काटकोनात वाकलेला. त्याला आभाळ बघायचं तर आडवं व्हावं लागे. त्याची मुलं शहरात. खाचरं तो आणि त्याची बायको दोघंच बघत.

तोराओ म्हणाला, “मी दोन वर्षांमागे शब्द दिला होता. तो मागे घेतो. यंदा ते औषध टाकू नका.”

“का रे बाबा?”

मग किनुकोनं सांगितलं. तिला जेवढं सोपं करून सांगता आलं तेवढं. सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं. तिचा मान होता तिथे. ती शहरात पांढरा कोट घालायची.

“थांब हं, किनु,” हामानाका म्हणाला. “मला म्हाताऱ्याला समजू दे. पहिल्यांदा तू सांगितलंस, मासे मरत नाहीत, तेव्हा तुझा भाऊ म्हणाला, टाका. आता तू सांगतेस, मासे मरत नाहीत, तर तुझा भाऊ म्हणतो, टाकू नका.”

ओसरीवर हशा पिकला. त्यात वाईट काही नव्हतं. कोपऱ्यातला एक मासेमारही हसला, आणि मग त्यानं मान खाली घातली.

“हामानाकासान, ते मासे वेगळे आहेत. त्यांच्यावरून पाण्याची परीक्षा होत नाही.”

“मासे मेले तरी पाणी वाईट, जगले तरी वाईट. मग पाणी चांगलं कधी म्हणायचं तेवढं सांगून ठेव.”

“काचमासे आले नाहीत, हे तर दिसतंय ना सगळ्यांना?”

“समुद्र तापलाय म्हणतात. टीव्हीवर सांगतात.” मग त्यानं आवाज खाली आणला. “हे बघ पोरी, औषध कालच तबकांत पेरून झालंय. सगळ्या गावाचं. आता ते दाणे काय चिमट्यानं वेचू? आणि ही रोपं टाकून द्यायची तर दुसरी कुठून आणू? मागं फवारणीचा पंप पाठीला लावून फिरायचो, त्यानं ही पाठ अशी झाली. आता पंप उचलायची ताकद नाही. तू म्हणशील ते खरंही असेल. खरं असूनही मी काय करू?”

वरातीमागून घोडं आलं होतं, आणि ते घोडंही किनुकोचंच होतं.

बैठक उठली. म्हाताऱ्यांनी जाता जाता दोरीपुढे रीतीप्रमाणे टाळ्या वाजवून नमस्कार केला. कुणीतरी माशांना भाताचा कोंडा टाकला.

दुपारी किनुकोनं वहिनीच्या औषधांच्या डब्यातून दाढदुखीचं लवंगतेल घेतलं. गोठ्यातून बादली घेतली आणि दाराशी टांगलेलं बारीक जाळं. योशिनो भांडी पुसत होती, तिनं सगळं बघितलं आणि म्हणाली, “बूट घाल माझे. चिखल आहे.”

तोराओ मागोमाग आला. ती पाटात उतरली तेव्हा तो काठावर बसला.

“काय करतेस?”

“माझे आहेत, घेऊन जाते. हे गेले म्हणजे पाट रिकामा दिसेल. रिकामा दिसला तर पुढच्या वर्षी तरी कुणी विचारेल.”

“जिवंत सोडणार असशील पुन्हा कुठल्यातरी टबात.”

“नाही.”

त्यानं तिच्या हातातली बाटली बघितली. मग बादली पुढे धरली.

पकडायला कष्ट पडले नाहीत. ते मासे माणसाच्या हातचे होते. सावली पडली की पळून जायचं सोडून जवळ यायचे. ती जाळं घाली आणि ते जाळ्यात खाणं शोधत. एकेक जाळं तोराओनं बादलीत रिकामं केलं. त्यानं आयुष्यभर जाळी उचलली होती, पण असं बसून, दुसऱ्याच्या हातून, पहिल्यांदाच.

“तू लहानपणी खेकडासुद्धा उकळत्या पाण्यात टाकू द्यायची नाहीस,” तो म्हणाला. “आईला ओरडायचीस. तुमचं भांडण मिटेस्तोवर सगळ्यांचं जेवण गार व्हायचं.”

“माहीत आहे.”

“वाईट म्हणून नाही सांगत.”

पाटात केशरी काही दिसेनासं झालं तेव्हा तिनं काठावर चढून बाटलीचं झाकण काढलं. लवंगेचा वास आला. इतक्या वर्षांनी तसाच. तिनं तेल थोड्या पाण्यात घोळलं आणि बादलीत ओतलं. मासे आधी वर आले, तोंडं उघडमीट करत, तिच्याकडे बघत. मग हळूच एका कुशीवर झाले. त्या औषधाच्या टाक्यांत जे घडलं नाही ते सगळं एका बादलीत घडलं. तोराओनं हात जोडले. तिनं जोडले नाहीत; तिचे हात बादलीच्या कडेला होते आणि तिथून सुटत नव्हते.

बऱ्याच वेळानं ती जाळं धुवायला पुन्हा पाटाशी वाकली. जाळ्याला शेवाळाचा एक झुबका लागून आला होता. तो तिनं पाण्यात हलवून सोडवला, आणि शेवाळातून काहीतरी निघालं. पापणीच्या केसाएवढं. मग आणखी एक. मग तिची नजर बसली आणि तिला दिसलं, की काठाचं सगळं शेवाळ हलतंय. केशरींची पिल्लं होती. अंग म्हणावं असं काही नव्हतंच, नुसते डोळे, जोडीजोडीनं, अगदी काचमाशांसारखे.

“काय आहे?” तोराओनं विचारलं.

“काही नाही.”

तो खाली वाकला. त्याची नजर तिच्यापेक्षा चांगली होती. त्यानं बघितलं, खूप वेळ बघितलं, आणि क्षणभर, फक्त क्षणभर, त्याचा चेहरा असा झाला जसा मार्चमध्ये जाळ्याकडे जाताना व्हायचा. मग त्याला कळलं ते काय आहे, आणि तो पुन्हा काठावर बसला.

वरच्या अंगाला कुणीतरी पाटाची फळी उचलली. खाचरात पाणी घ्यायची वेळ झाली होती. गढूळ पाणी आलं, आणि पिल्लांनी प्रवाहाकडे तोंडं केली.